गेशा या शब्दाचा घोळ कुठून सुरू झाला

गेशा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दोनपैकी एक काहीतरी येतं, एक तर पांढरा चेहरा, लाल ओठ आणि किमोनो घातलेली कॅलेंडरवरची बाई, नाहीतर सरळ "जपानी वेश्या", आणि हे दुसरं ऐकलं की मला खरंच त्रास होतो कारण उत्तर शब्दातच आहे, गेई म्हणजे कला आणि शा म्हणजे माणूस, म्हणजे गाऊन-नाचून मैफल रंगवणारी कलावंत. पण घोळ झाला त्याला कारणं आहेत, आणि ती नीट बघितली तर "फक्त कला, बाकी काही नाही" हेसुद्धा पूर्ण खरं नाही हे कळतं.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीचे गेशा पुरुष होते. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) तोकुगावा सरकारने वेश्याव्यवसाय ठरावीक वस्त्यांमध्ये कोंडला, एदोला म्हणजे आजच्या टोकियोत योशिवारा आणि क्योटोत शिमाबारा, आणि तिथे गिऱ्हाइकांना हसवायला, गायला, ढोल वाजवायला पुरुष असायचे, त्यांना ताइकोमोची म्हणायचे. १७५१ मध्ये शिमाबाराच्या एका मैफलीत ढोल वाजवायला चक्क एक बाई आली आणि बसलेले लोक बघतच राहिले. पुढच्या तीसेक वर्षांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली आणि १८०० च्या सुमारास नुसतं गेशा म्हटलं की बाईच समजायला लागले.

आता वस्तीत ओइरान म्हणजे वरच्या दर्जाच्या गणिका होत्याच, त्यांच्या धंद्यावर गेशांचा परिणाम होऊ नये म्हणून योशिवारात १७७९ ला केनबान नावाचं नोंदणी ऑफिस काढलं आणि नियम लावले, की गेशाने साधे कपडे घालायचे, दोघी-तिघींनी मिळून जायचं, गिऱ्हाइकाला खेटून बसायचं नाही आणि त्याच्याबरोबर झोपायचं तर अजिबात नाही. म्हणजे बघा, हा फरक मुळात गणिकांचा धंदा सांभाळायला कागदावर आला. दिसण्यातला फरक आजही सांगतात, ओइरानची ओबी म्हणजे कमरेचा पट्टा पुढे बांधलेला, गेशाचा मागे. एदोच्याच फुकागावा वस्तीतल्या गेशांचं मला फार कौतुक वाटतं, त्या पुरुषांसारखा हाओरी कोट घालायच्या, पुरुषी नावं घ्यायच्या, थंडीतही अनवाणी फिरायच्या, आणि एदोच्या लोकांना जी "इकी" म्हणजे साधी पण टोकदार ऐट आवडायची ती त्यांच्यातच दिसायची.

पण नियम एक आणि पैसा दुसरा. गरीब घरातली मुलगी ओकियात म्हणजे गेशांच्या घरात यायची तेव्हा बापाने आधीच उचल घेतलेली असायची, वर तिचं जेवण, किमोनो, गाण्याचे धडे सगळं तिच्याच खात्यावर चढायचं, आणि फिटेपर्यंत सुटका नाही. हे बंधन नाव काहीही द्या, गुलामीच. १८७२ मध्ये मारिया लुझ नावाचं पेरूचं जहाज चिनी मजुरांना घेऊन योकोहामात थांबलं, मजुरांचे हाल बघून जपानने खटला चालवला, तर कॅप्टनच्या वकिलाने उलट विचारलं की तुमच्याकडे पोरी विकतातच की. सरकारची इतकी नाचक्की झाली की त्याच वर्षी गेशा आणि वेश्या दोघींचे करार रद्द करायचा हुकूम निघाला. हुकूम चांगलाच होता, पण त्यात दोघींना एकाच ओळीत बसवलं, आणि थोड्याच काळात "स्वखुशीने" केलेले नवे करार परत सुरू झाले.

त्याच १८७२ ला क्योटोत एक वेगळी गोष्ट झाली. सम्राट टोकियोला गेला होता, शहर ओस पडायला लागलं होतं, म्हणून तिथे प्रदर्शन भरवलं आणि त्यात गिऑन वस्तीतल्या गेशांचा मियाको ओदोरी हा नाच पहिल्यांदा सगळ्यांसाठी रंगमंचावर आला, बसवला होता नृत्यगुरू तिसऱ्या इनोउए याचियो यांनी (हे नाव त्या घराण्यात पुढे चालतं). तो दर एप्रिलला अजून होतो आणि गिऑन कोबूत, म्हणजे गिऑनच्या मुख्य गेशावस्तीत, आजही इनोउए घराण्याचाच नाच शिकवतात.

शिक्षणाबद्दल जरा सविस्तर सांगते कारण खरी गोष्ट तिथेच आहे. क्योटोत गेशाला गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला माइको. दुसऱ्या महायुद्धाआधी अगदी लहान पोरी यायच्या, आता शाळेची नववी झाल्यावर, म्हणजे पंधरा वर्षांच्या. आधी शिकोमी, म्हणजे घरकाम, सगळ्यांच्या हाताखाली राबणं आणि क्योटोची बोली तोंडात बसवणं, मग महिनाभर मिनाराई, म्हणजे ओचायात (चहाघर म्हणतात, असते मैफलीची जागा) कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं. मग मिसेदाशी, पदार्पण, त्यात मोठ्या बहिणीबरोबर साकेचे प्याले घेऊन जन्माचं नातं जोडतात आणि तिच्या नावातलं एक अक्षर धाकटीला मिळतं. ओकियाच्या मालकिणीला ओकासान म्हणजे आईच म्हणायचं. शामिसेन (तीन तारांचं वाद्य), छोटे ढोल, नाच, चहाचा विधी, सगळं रोज शिकायचं आणि रात्री कामाला. पहिल्या वर्षी फक्त खालचा ओठ रंगवायचा. केस स्वतःचेच बांधलेले, ते आठवडाभर मोडू नयेत म्हणून उंच लाकडी उशीवर मान ठेवून झोपायचं, आणि पाठीवर पाच मीटरच्या आसपास लांबीची ओबी. केसांतली फुलं महिन्याप्रमाणे बदलतात, एप्रिलला चेरी. चारपाच वर्षांनी एरिकाए, म्हणजे लाल कॉलर जाऊन पांढरी येते, विग येतो, माइकोची गेइको होते. पुढचं शिकणं मात्र थांबत नाही, सत्तरीतल्या गेइकोही शामिसेन घेऊन बसतात.

बाहेरच्या जगाला गेशा दाखवली ती सादायाक्कोने, आधी टोकियोची गेशा, पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी तिचे आश्रयदाते, नंतर नवऱ्याच्या नाटक कंपनीबरोबर १८९९ ला अमेरिका आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिने लोकांना वेड लावलं. पण १९०४ ला इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या मादामा बटरफ्लाय ऑपेरात पंधरा वर्षांची गेशा गोऱ्या नौदल अधिकाऱ्यासाठी जीव देते, आणि तीच प्रतिमा चिकटली. १९२० च्या दशकात जपानभर सुमारे ८० हजार गेशा होत्या. १९४४ मध्ये सगळी घरं बंद करून बायकांना कारखान्यात धाडलं, आणि युद्धानंतर अमेरिकन सैनिक आले तेव्हा रस्त्यावर किमोनो घालून उभी असलेली कोणीही "गेशा गर्ल" झाली. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच काही वर्षांनी केलं.

१९९७ च्या मेमॉयर्स ऑफ अ गेशा या अमेरिकन कादंबरीने पुन्हा तेच झालं. लेखकाशी बोललेली गिऑनची नावाजलेली गेइको इवासाकी मिनेको हिने २००१ ला खटला भरला, नाव गुप्त ठेवायचं ठरलेलं असताना छापलं आणि कौमार्याचा लिलाव दाखवला म्हणून, तो २००३ ला तडजोडीने मिटला, मधल्या काळात तिने स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. तिचा राग मला पटतो. पण मासुदा सायोही वाचायला हवी, १९२५ ची, बाराव्या वर्षी सुवाच्या गरम झऱ्यांच्या गावातल्या गेशाघरात विकलेली, तिने १९५७ मध्ये जे लिहिलं त्यात देहविक्री आहे, कर्ज आहे, मार आहे. दोघी खरं बोलतात, एक युद्धानंतरच्या क्योटोतली आणि दुसरी युद्धाआधीच्या गावातली, एवढंच. या दोघींच्या काळाच्या मधे जपानचा वेश्याव्यवसायविरोधी कायदा आला, १९५६ चा, तो पूर्ण लागू झाला १९५८ ला.

आताच्या मुली स्वतःच्या मर्जीने येतात, पण कपडे-शिक्षणाचा खर्च ओकिया करतं म्हणून माइकोला पगार नाही, फक्त हातखर्च. २०२२ मध्ये एका माजी माइकोने अल्पवयात दारू प्यायला लावल्याचं आणि गिऱ्हाइकांबरोबर अंघोळीला पाठवल्याचं सोशल मीडियावर लिहिलं, तेव्हा जपानमध्ये बरीच चर्चा झाली. दुसरीकडे पर्यटक कामावर निघालेल्या माइकोच्या मागे मोबाईल घेऊन पळतात, बाही ओढतात, म्हणून गिऑनच्या रहिवाशांनी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढला तर दहा हजार येन दंड अशा पाट्या लावल्या, आणि २०२४ पासून त्या गल्ल्याच पर्यटकांना बंद केल्या.