रस्त्याचे बिल निघण्याआधी: जळगाव-धुळ्यात महापालिकेच्या कामांवर कोणती समिती लक्ष ठेवते, नागरिकाने अर्ज कसा करावा

"आमच्या कॉलनीतला रस्ता खराब आहे, तरी तो दुरुस्त करून मिळावा, ही विनंती." जळगाव-धुळ्याच्या महापालिकांच्या आवक-जावक विभागात असे अर्ज रोज पडतात. शिक्का बसतो, पोच मिळते आणि अर्ज फायलीत जातो. अर्जदार खरेच बोलत असतो, पण काम कोणत्या ठरावाने मंजूर झाले, मक्तेदार कोण, कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) कधीचा, बिल निघाले की बाकी आहे, यातले काहीच त्या कागदावर नसते. माझे सांगणे एवढेच आहे की प्रश्न शेवटचे बिल निघण्याआधी विचारा आणि योग्य समितीला विचारा. पैसे दिल्यावर मक्तेदाराला परत बोलावणे फार अवघड जाते.

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा

शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. जळगावात आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली असा जाणारा रस्ता हद्दीत असला तरी राष्ट्रीय महामार्ग म्हणून बांधला गेला आहे. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर काही महापालिकेच्या रस्त्यांचे कामही शासन त्याच विभागाकडून करून घेते. त्यामुळे पहिल्या अर्जात हेच विचारावे: हा रस्ता कोणाच्या मालकीचा आहे आणि देखभाल कोणाकडे आहे? अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) नुसार तो ५ दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. "हे आमच्याकडे येत नाही" एवढे सांगून अर्ज परत करता येत नाही.

कोणती समिती काय पाहते

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ साली झाल्या. त्यांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने चालतो. कलम ६३ प्रमाणे रस्ते, गटारी आणि पथदिवे ही महापालिकेची बंधनकारक कामे आहेत. "निधी आला की बघू" हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही.

पैशांची किल्ली स्थायी समितीकडे असते. तिच्यात १६ नगरसेवक असतात आणि दरवर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात. आयुक्त अंदाजपत्रक आधी तिच्यापुढे मांडतात, मग ते महासभेत, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेत, जाते. मोठ्या कामांच्या निविदाही तिच्याच मान्यतेने पुढे सरकतात. आपल्या भागातला पूल, गटार किंवा रस्ता अंदाजपत्रकात यावा असे वाटत असेल, तर आर्थिक वर्ष संपण्याच्या आधीचे महिने महत्त्वाचे. एप्रिलनंतरच्या निवेदनाला "तरतूद नाही" असे उत्तर ठरलेले असते.

महासभा नागरिकांना पाहता येते. उपस्थित नगरसेवकांनी बहुमताने ठरवले तरच ती बंद दाराआड होते. आपल्या प्रभागाचा विषय विषयपत्रिकेवर असेल त्या दिवशी जाऊन बसा. जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत कामासाठी हेलपाटे घालणाऱ्यांपैकी फार थोडे लोक सभा ऐकायला थांबतात.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते. त्या काळात महासभा आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे होते. तेव्हाच्या कामाची माहिती मागताना "स्थायी समितीचा ठराव" असे लिहिले तर "असा ठराव उपलब्ध नाही" असे उत्तर येऊ शकते. तिथे "प्रशासकांचा ठराव" असा शब्द वापरा.

भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर-वरवाडे, नंदुरबार, शहादा येथे नगरपरिषदा आहेत. तिथे १९६५ चा वेगळा कायदा लागू होतो. रस्त्यांची कामे सार्वजनिक बांधकाम समितीकडे असतात आणि स्थायी समितीचे अध्यक्ष नगराध्यक्षच असतात.

समितीत सामान्य नागरिकाला जागा आहे का?

आहे, आणि हे फार लोकांना माहीत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ नुसार प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक आणि प्रभाग अधिकारी यांच्याशिवाय जास्तीत जास्त ३ सदस्य नामनिर्देशित करता येतात. पात्रता दोन गोष्टींवर ठरते: त्या प्रभाग समितीच्या क्षेत्रात मतदार म्हणून नाव हवे आणि तिथे समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचे सदस्यत्व हवे. निवड नगरसेवक करतात. इच्छुक संस्थेने मतदारयादीतील नोंदीचा उतारा, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सदस्य असल्याचे संस्थेचे पत्र आणि त्या भागात केलेल्या कामाची माहिती जोडून प्रभाग कार्यालयात व नगरसचिवांकडे पत्र द्यावे, पोच घ्यावी. प्रभाग समितीला आपल्या क्षेत्रातल्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामांना, अंदाजपत्रकात तरतूद असेल तर, मंजुरी देण्याचा अधिकार आहे. गल्लीतली गटार किंवा फरशी एवढ्या रकमेत बसते, म्हणून ही समिती लहान समजू नये.

परिवहन समितीची गोष्ट वेगळी आहे. महापालिका स्वतःचा परिवहन उपक्रम चालवत असेल तरच ती असते. तिचे सदस्य नगरसेवकच असले पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, उद्योग, वित्त किंवा कामगारविषयक अनुभव असलेली व्यक्तीही चालते. केंद्राच्या ई-बस योजनेमुळे शहर बससेवेचा विषय खान्देशात पुन्हा आला आहे. एसटीतून किंवा आरटीओतून निवृत्त झालेल्या जाणकारांनी ही तरतूद लक्षात ठेवावी.

माहितीचा अर्ज: नेमके काय मागायचे

माहिती अधिकाराचा अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. मित्रमंडळ किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर नको, स्वतःच्या नावाने करा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून चालते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली तर शुल्क लागत नाही. शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो.

विषयाच्या जागी रस्त्याचे वर्णन अचूक लिहा: अमुक यांच्या घरापासून तमुक चौकापर्यंत, प्रभाग क्रमांक, साधारण कोणत्या वर्षीचे काम. मग मागा: प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेची प्रत, मंजूर अंदाजपत्रक, ठराव क्रमांक व दिनांक, कार्यारंभ आदेश, त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल, मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने, आतापर्यंत अदा केलेली देयके आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख.

यातली दोन कागदपत्रे सगळ्यात मोलाची आहेत. मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एमबी म्हणतात, त्यात अभियंत्याने मोजलेली लांबी, रुंदी आणि थराची जाडी लिहिलेली असते. बिल त्यावरच निघते. लांबी-रुंदी तुम्ही टेप घेऊन चार शेजाऱ्यांसमोर मोजू शकता. दुसरी म्हणजे दोषदायित्वाची तारीख. त्या मुदतीत रस्ता उखडला तर मक्तेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत चालू असताना महापालिकेने त्याच रस्त्यावर पॅचवर्कचे नवे बिल काढले, तर तो तुमच्या-माझ्या घरपट्टीचा पैसा दुसऱ्यांदा गेला.

थराच्या जाडीचे काय? माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा, नोंदी उतरवून घेण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे. काम चालू असतानाच अर्जात लिहा: "सदर कामाची प्रत्यक्ष पाहणी करावयाची असून वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मिळावा." या वाक्याने शाखा अभियंता फाइल काढून बसतो.

जलवाहिनी किंवा भुयारी गटारीसाठी खोदलेल्या रस्त्यांबाबत प्रश्न थोडा बदलावा लागतो. जळगावात केंद्राच्या अमृत योजनेतल्या खोदकामाने आणि धुळ्यात देवपूरच्या गटारींच्या कामाने लोकांनी वर्षानुवर्षे धूळ खाल्ली. इथे विचारा: रस्ता पूर्ववत करण्याची तरतूद कोणत्या निविदेत होती, किती मीटर पूर्ववत झाला आणि त्याचे मोजमाप कुठे नोंदले?

उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील करा. तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील जाते. खान्देशासाठी आयोगाचे नाशिक खंडपीठ आहे.

लोकशाही दिन

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी दोन प्रतींत द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. न्यायप्रविष्ट किंवा माहिती अधिकाराची प्रकरणे घेतली जात नाहीत. म्हणून "कॉलनीतला रस्ता" असे न लिहिता "माझ्या घरासमोरील गटारीचे पाणी माझ्या अंगणात येते" असे लिहा आणि माहिती अधिकारात मिळालेली पाने पुरावा म्हणून जोडा.

अपघात होत असतील, झाला असेल तर

चौफुलीवर वारंवार अपघात होत असतील तर विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे न्यावा. तिथे पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग आणि महापालिका एकाच टेबलावर असतात. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. पोलीस ठाण्याकडून ही आकडेवारी मागवून निवेदनाला जोडा. आकडे जोडलेले निवेदन बैठकीत बाजूला ठेवणे सोपे नसते.

खड्ड्यामुळे अपघात झाला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाचा आधार आहे. मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमीला दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई सांगितली आहे. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दावा पाहते. नगरपरिषदेत आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात. दाव्यासोबत पोलिसांचा पंचनामा किंवा फिर्यादीची प्रत, दवाखान्याची कागदपत्रे व बिले, मृत्यू असल्यास शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचे पुरावे, ओळखपत्र, बँक पासबुकाची प्रत ठेवा. अर्जाची एक प्रत जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातही द्या. खड्ड्याचे फोटो मात्र त्याच दिवशी, आजूबाजूचे दुकान किंवा खांब दिसेल असे काढून ठेवा, कारण अपघातानंतर तो खड्डा बुजवला गेला की त्याची खोली आणि जागा दाखवणारा दुसरा पुरावा सहसा उरत नाही.