काँक्रीट पुलांची एफआरपी दुरुस्ती आणि तिचा टिकाऊपणा

एफआरपी म्हणजे धाग्यांनी बळकट केलेलं प्लास्टिक. कार्बन, काच किंवा अ‍ॅरामिडच्या (केव्लारसारख्या) धाग्यांची पट्टी वा कापड इपॉक्सीने (सुकून कडक होणाऱ्या गोंदाने) चिकटवून पुलाला ताकद देण्याची पद्धत. साइटवर सगळ्यालाच 'रॅपिंग' म्हणतात, मग खांबाला गुंडाळलेलं असो नाहीतर गर्डरच्या (पुलाच्या तुळईच्या) पोटाला नुसतं चिकटवलेलं.

सुरुवात कुठली यावर एकमत नाही. पोलादी पट्ट्या चिकटवणं फ्रान्समध्ये १९६०च्या दशकातच सुरू झालेलं, पण त्या जड आणि चिकटलेल्या बाजूनेच गंजायच्या. पहिला मान बहुतेक जण स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नजवळच्या इबाख पुलाला (१९९१) देतात. तिथे सिग्नल बसवायला भोकं पाडताना प्रीस्ट्रेसिंगच्या तारा (काँक्रीट दाबून धरणाऱ्या ताणलेल्या पोलादी तारा) तुटल्या, खालून हायवे, मग एम्पा या स्विस संशोधन संस्थेच्या उर्स मायर यांच्या पद्धतीने रात्रीच्या वेळी कार्बनच्या तीन पट्ट्या चिकटवल्या, सगळ्या मिळून ६.२ किलो, पोलाद असतं तर १७५ किलो लागलं असतं. पण जर्मनीतल्या कॅटेनबुश पुलावर १९८६-८७च्या सुमारास काचेच्या धाग्यांच्या पट्ट्या लागल्या होत्याच, त्यामुळे इबाखला 'पहिला कार्बनवाला' म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

टिकण्याचं म्हणाल तर कार्बनचा धागा सहसा दगा देत नाही, दगा देतो तो गोंद. साइटवरच सुकणारं इपॉक्सी साधारण ५० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची (एसीआय) ४४०.२आर ही मार्गदर्शिका त्या तापमानाच्या १५ अंश खालीच थांबा म्हणते. ओलावा चिकट थरात मुरला की पकड ढिली होते. काचेला काँक्रीटमधला अल्कली (क्षार) खातो, त्यामुळे बाहेरच्या हवेत काच-इपॉक्सीची ताकद हिशेबात मूळच्या ०.६५ पट धरतात, कार्बनची ०.८५ पट. कार्बन थेट सळईला टेकला तर सळईच गंजते, हे बऱ्याचदा विसरलं जातं.

त्याहून मोठा घोळ म्हणजे आत क्लोराइड (सळई गंजवणारं मीठ) तसंच ठेवून वरून रॅपिंग करणं. सळई गंजून आतल्या आत फुगत राहते, वरून मात्र सगळं गुळगुळीत दिसतं. तपासायला नाणं किंवा छोटी हातोडी घेऊन पट्टीवर टकटक करत जातात, आवाज टणक आला तर ठीक, ढबढब आला की तिथे पट्टी सुटलेली. उन्हाने वरचं इपॉक्सी पांढुरकं पडतं, त्यावर रंगाचा हात पुरतो.

अ‍ॅरामिड पुलांवर कमीच दिसतो, ओलावा शोषतो ही त्याची मुख्य तक्रार.