बायकांच्या सेल्फ डिफेन्सची शंभर वर्षं, थोडी पार्श्वभूमी

डिसेंबर २०१२ नंतर गल्लोगल्ली मुलींसाठी सेल्फ डिफेन्सचे क्लास निघाले, कराटेवाल्या सरांनी बोर्ड बदलले, क्राव मगा हे इस्रायली मारामारीच्या पद्धतीचं नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे हे सगळं दिल्लीच्या त्या सामूहिक बलात्काराच्या घटनेपासून सुरू झालं असा समज आहे. तसं नाहीये. बायकांना मारामारी शिकवणं शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि गंमत अशी की त्यातला बराचसा काळ बाईने हे स्वतःसाठी शिकावं असं फारसं कोणी म्हणतच नव्हतं, दर वेळी काहीतरी दुसरं मोठं कारण असायचं.

लंडनचं उदाहरण घ्या. १८ नोव्हेंबर १९१० ला मताचा हक्क मागायला साधारण ३०० बायका पार्लमेंटवर गेल्या आणि पोलिसांनी, गर्दीतल्या पुरुषांनी त्यांना तासन् तास बदडलं, छातीला हात घातले, काय काय केलं. त्याच सुमारास तिथे एडिथ गॅरड नावाची बाई होती, उंची जेमतेम ४ फूट ११ इंच, नवऱ्याबरोबर जुजुत्सू (शस्त्राशिवाय लढायची जपानी कला) शिकलेली, आणि ती चळवळीतल्या बायकांना आधीपासूनच शिकवत होती. मग १९१३ मध्ये सरकारने एक भारी कायदा आणला, उपोषणाने अशक्त झालेल्या कैदी बायकांना सोडायचं आणि जरा बऱ्या झाल्या की परत उचलायचं. आपल्या पुढाऱ्यांना असं उचलू द्यायचं नाही म्हणून बायकांचीच बॉडीगार्ड टीम उभी राहिली, २५-३० जणी असतील, ट्रेनिंग गॅरडबाईंचं. कपड्यांत लपवून काय न्यायच्या तर इंडियन क्लब. हे क्लब म्हणजे आपल्या तालमीतल्या मुद्गलाचं विलायती भावंड, इंग्रज सोल्जर इथे बघून शिकले आणि तिकडे व्यायामाचा प्रकार म्हणून घेऊन गेले!

इकडे ज्या मातीत ते मुद्गल फिरत होते तिथे मात्र बाईला पाय ठेवायची सोय नव्हती. तालीम म्हणजे मारुती, लंगोट, ब्रह्मचर्य. बदल आला तो राष्ट्रवादाच्या काळात. १९२९ मध्ये टागोरांनी जपानहून ताकागाकी शिन्झो या ज्युदो शिक्षकाला शांतिनिकेतनात आणलं, तिथे मुलीही ज्युदो शिकल्या. महाराष्ट्रात १९३६ च्या दसऱ्याला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली, संघात बायकांना प्रवेश नाही म्हणून वेगळी, आणि त्यात लाठी वगैरे होतंच. समितीची विचारसरणी कोणाला पटो न पटो, घरात डोक्यावरून पदर घेणारी बाई मैदानात येऊन लाठी फिरवते ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण नीट बघा, शिकायचं कशासाठी तर देशासाठी, धर्मासाठी, शील राखायला. म्हणजे बाईचं अंग हे कुळाची ठेव आणि ती राखायची जबाबदारीही तिचीच. ही शेवटची गोष्ट पुढे फार महागात पडली.

मध्ये एक किस्सा सांगतेच, कारण आपल्याकडे तो कोणी सांगत नाही. १९५४ मध्ये हमीदा बानू नावाच्या पैलवान बाईने जाहीर केलं की मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन, आणि मग पुरुष पैलवानांना पाडत सुटली, बडोद्यात बाबा पैलवानाला तर १ मिनिट ३४ सेकंदांत. कोल्हापुरात एका पुरुषाला हरवलं तर पब्लिकने दगडफेक केली म्हणे, पुण्यात लावलेली कुस्ती रद्द करावी लागली. बाईने लाठी फिरवून दाखवली तर टाळ्या, पुरुषाला खरोखर चीत केलं की दगड, त्यामुळे मला तरी वाटतं की प्रॉब्लेम बाईच्या ताकदीचा कधी नव्हताच.

आता ते महागात पडणं. १९७२, चंद्रपूर जिल्ह्यातलं (आता गडचिरोली) देसाईगंज पोलीस ठाणं, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार. नागपूर खंडपीठाने दोषी धरलं पण १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघा पोलिसांना सोडून दिलं, आणि त्यात एक मोठा मुद्दा हा की तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केलेला दिसत नाही. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला उघड पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही, हे कायद्यात स्वच्छ शब्दांत यायला २०१३ उजाडलं. म्हणून स्त्री संघटनांमधल्या बऱ्याच जणी सेल्फ डिफेन्स म्हटलं की जरा सावध होतात, कारण "लढायला शिक" हे बोलता बोलता "लढली का नाहीस" होतं, वेळच लागत नाही.

स्वतःसाठी शिकायचं, हा विचार ठळकपणे आला तो १९७० च्या दशकात अमेरिका-कॅनडात. अमेरिकेत कराटेची ब्लॅक बेल्ट असलेल्या एका बाईवर बलात्कार झाला आणि लोकांच्या लक्षात आलं की डोजोमधली, म्हणजे क्लासातली, कराटे आणि खरा हल्ला यांचा संबंध कमीच आहे, तिथे वाकून नमस्कार करून कोणी मारायला येत नाही. मग अंगभर पॅडिंग घातलेल्या माणसावर पूर्ण ताकदीने लाथा मारायची प्रॅक्टिस सुरू झाली. टोरांटोत वेन-डो नावाची सेल्फ डिफेन्सची पद्धत पुढे आली, बायकांनी बायकांना शिकवायचं. यात मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते ओरडणं. बहुतेक मुलींना फटका मारणं लवकर जमतं, पण पोटातून ओरडा म्हटलं की हसू फुटतं, तोंडावर हात जातो. लहानपणापासून हळू बोल, हळू हस ऐकलेलं असतं ना. कॉन्फिडन्स जो म्हणतात तो मनगट कसं सोडवायचं यापेक्षा इथे जास्त येतो असं माझं मत.

आणि हे नुसतं मत नाही राहिलं. कॅनडातल्या तीन विद्यापीठांमध्ये पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. निम्म्या जणींना १२ तासांचं ट्रेनिंग, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ट्रेनिंगवाल्यांमध्ये ५.२ टक्के, दुसऱ्या गटात ९.८ टक्के. त्या १२ तासांत हाणामारी थोडीच होती, ती वेन-डोवरच बेतलेली. बाकीचा वेळ कशावर, तर ओळखीचा माणूस हद्द ओलांडतोय हे ओळखणं, आणि त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणं कसं मोडायचं यावर.

आपल्याकडे समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं ट्रेनिंग आहे, चांगलंच आहे, पोरी घराबाहेर पडून उड्या मारतात हेही कमी नाही. पण एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, आकड्यांत वर्षानुवर्षं बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो, आणि शिबिरांमध्ये प्रॅक्टिस चालते ती अंधारात मागून येणाऱ्या अनोळखी माणसाची. मामा, शेजारचे काका, क्लासचे सर, हा विषय काढायला शिकवणारे सर अवघडतात, आणि पालकांना तर तो शाळेत निघालेलाच नको असतो.