नियामक टी-पेशी

रक्तातील टी-पेशींचा, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, एक उपप्रकार. शरीराच्याच ऊतींवर, पचनमार्गातील अन्नावर किंवा आतड्यात नांदणाऱ्या जिवाणूंवर रोगप्रतिकार यंत्रणा उलटू नये, याची राखण या पेशी करतात. अशा न उलटण्याला प्रतिरक्षा-सहिष्णुता म्हणतात.

टी-पेशी छातीतील थायमस ग्रंथीत तयार होतात. स्वकीय प्रथिनांवर धावून जाणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच तिथेच नष्ट होतात. पण चाळण सैल आहे, काही निसटतातच. मग निरोगी माणसाच्या रक्तात त्या गप्प का बसतात? जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती नुसती दुबळी व्हायला हवी होती. उलट त्यांच्या अवयवांवर त्यांच्याच पेशींनी हल्ला केला. लगाम घालणाऱ्या पेशी थायमसमधून जरा उशिरा बाहेर पडतात, हे त्यामागचे कारण.

१९७०च्या दशकात अशा पेशींना ‘सप्रेसर’ म्हणत. त्यांची ओळख सांगणारा म्हणून गाजलेला जनुक ठरल्या जागी नाहीच, असे १९८०च्या दशकात उघड झाले आणि विषयाची पतच गेली. जपानचे शिमोन साकागुची मात्र त्याला चिकटून राहिले. पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन असलेल्या पेशी वगळून उरलेल्या टी-पेशी उंदरांना टोचल्या, तर स्वप्रतिरक्षा विकार (शरीराचा स्वतःवरच हल्ला) जडतात. वगळलेल्या पेशी वेळीच दिल्या तर टळतात, हे त्यांनी १९९५ मध्ये दाखवले.

२००१ मध्ये मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ या जन्मतः स्वप्रतिरक्षा आजार जडणाऱ्या उंदरांतील दोष फॉक्सपी३ जनुकात शोधला. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार नरांना होतो. मुलग्यांमधील आयपेक्स हा आजारही याच जनुकाचा : तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, इसब. फॉक्सपी३शिवाय नियामक पेशी घडत नाहीत, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. साकागुची, ब्रंकॉव आणि रॅम्सडेल या तिघांना २०२५चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

लगाम अनेक परींनी घातला जातो. टी-पेशींच्या वाढीला लागणारे इंटरल्यूकिन-२ या पेशी स्वतः जवळजवळ बनवत नाहीत, पण इतरांच्या वाट्याचे शोषून घेतात. सीटीएलए-४ या प्रथिनाच्या साहाय्याने त्या प्रतिजन (प्रतिकार चेतवणारा परका अंश) दाखवणाऱ्या पेशींवरचे चेतावणारे रेणू अक्षरशः ओरबाडून गिळतात. शिवाय इंटरल्यूकिन-१० सारखी शामक द्रव्ये स्रवतात.

कर्करोगाच्या गाठी याच पेशी भोवती जमवून स्वतःचा बचाव करतात. त्यामुळे तिथे त्यांना हटवण्याचे प्रयत्न चालतात, तर अवयवरोपणात त्या वाढवून रुग्णाला देण्याच्या चाचण्या सुरू आहेत.