बार्जने बर्गंडी : निघण्यापूर्वी वाचावं असं माहितीपत्रक

नमस्कार. आमच्या बार्ज-सहलीची (बार्ज म्हणजे कालव्यात चालणारी सपाट तळाची मालवाहू बोट) चौकशी केल्याबद्दल आभार. पैसे भरण्याआधी हे पत्रक येणाऱ्या सगळ्यांनी वाचावं, फक्त बुकिंग करणाऱ्याने नव्हे. नंतरचे रुसवेफुगवे टळतात.

ही सहल फ्रान्समधल्या बर्गंडी कालव्यावर होते. पुयी-आँ-ओस्वा या छोट्या गावातून निघून सहा दिवसांनी आपण दिजाँ शहरात पोचतो. पाण्याच्या वाटेने हे अंतर जेमतेम साठ किलोमीटर. मोटारीने गेलात तर पाऊण तासाचा रस्ता, आणि रस्ताही उत्तम. फोनवर हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "मग सहा दिवस दाखवता काय?" तर या साठ किलोमीटरमध्ये पन्नासहून जास्त लॉक, म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाज्यांचे हौद आहेत, आणि सहल ती त्या लॉकांचीच. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली एका आठवड्यात उरकायचं असेल तर ते काम चोख करणाऱ्या कंपन्या पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. आमच्याकडे येऊन घाई करू नका, एवढंच सांगणं.

कालवा

योन नदीचं पाणी सेन नदीतून पॅरिसकडे जातं, सोन नदीचं ऱ्होनमधून भूमध्य समुद्राकडे. दोघींच्या मध्ये बर्गंडीचा उंचवटा आडवा येतो. तो ओलांडून माल नेता यावा म्हणून अठराव्या शतकात कालव्याचं काम सुरू झालं, राज्यक्रांतीच्या धामधुमीत रखडलं आणि १८३२ साली पुरं झालं. मिजेन ते सँ-जाँ-द-लोन अशी २४२ किलोमीटरची ही वाट, तिच्यावर १८९ लॉक. सगळ्यात उंच टप्पा समुद्रसपाटीपासून ३७८ मीटरवर आहे. तिथे आणखी चढण्यापेक्षा डोंगर पोखरणं परवडलं, म्हणून पुयी गावाखालून ३,३३३ मीटर लांबीचा बोगदा काढला.

आपण सुरुवातच या माथ्यावरून करतो, त्यामुळे दिजाँपर्यंत सगळा उतार. हे मुद्दाम ठरवलेलं आहे. चढताना लॉकमध्ये पाणी उसळून आत येतं आणि बोट आदळआपट करते. उतरताना ती शांतपणे खाली बसत जाते. पहिल्यांदा येणाऱ्याला उतारच बरा.

बोगद्याला आत पायवाट नाही, त्यामुळे घोड्यांनी बोट ओढायची सोय नव्हती. पुढे पाण्याच्या तळाशी टाकलेली साखळी धरून चालणारा टग, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी बोट, आला, आणि १८९३पासून तो विजेवर चालायला लागला. तो टग आजही पुयीला ठेवलेला आहे, जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून उभारलेल्या छपराखाली. बोर्डिंगच्या दिवशी दुपारी वेळ असतो, तेव्हा जरूर पाहा.

बार्ज

आपली बार्ज 'लुक्समोटर' जातीची. ही जात १९२०-३०च्या दशकांत नेदरलँड्समध्ये तयार झाली. शिडाची मालवाहू गलबतं जाऊन इंजिनं येत होती, तो काळ. सरळ उभी नाळ (बोटीचं पुढचं टोक), मागे सुकाणूघर, त्याच्याही मागे मालकाच्या कुटुंबाची टुमदार खोली, आणि मधला सगळा भाग मालासाठी. बटाटे, धान्य, कोळसा, वाळू, जे मिळेल ते. ट्रक आले, आणि ऱ्हाइनसारख्या नद्यांवर शंभर मीटरहून लांब जहाजं फिरू लागली, तेव्हा या लहान बार्जना कोणी विचारेना. कितीतरी भंगारात गेल्या. ज्या वाचल्या त्यांतल्या बऱ्याच कोणाचं तरी घर झाल्या, आणि काही, आपल्या बार्जसारख्या, प्रवासी बोटी.

मालाच्या जागी आता चार खोल्या, एक बैठकीची जागा आणि स्वयंपाकघर आहे. पण माल काढला की बोट हलकी होऊन पाण्यावर उंच तरंगते, वाऱ्याने भरकटते आणि पुलाखालून जाताना माथा अडकतो. म्हणून लाकडी जमिनीखाली कित्येक टन वजन भरून ठेवलेलं आहे, काँक्रीटच्या लाद्या वगैरे. तुमच्या पलंगाखाली बटाट्यांऐवजी लाद्या आहेत, इतकाच फरक.

जुनी बोट सुरक्षित आहे का, असं विचारणं रास्त आहे. अशा बोटींचा तळ ठरावीक वर्षांनी पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंडने तपासतात. पत्रा जागोजागी किती मिलिमीटर उरला आहे ते मोजतात आणि पातळ झालेल्या जागी नवा पत्रा चढवतात. विमा कंपन्या त्याशिवाय दारात उभं करत नाहीत. शिवाय कालव्याची खोली दोन मीटरच्या आसपास असते, काठ हाताच्या अंतरावर असतो आणि वेग माणसाच्या चालीइतका. समुद्राची भीती मनात असेल तर ती घरीच ठेवून या. बोट लागत नाही, उलट्या होत नाहीत.

बाकी ती शंभरीला टेकलेली बोट आहे हे विसरू नका. खोल्यांत उतरायचा जिना उभा आहे, तो पाठमोराच उतरायचा. छत ठेंगणं, उंच माणसांनी पहिल्या दिवशी कपाळ सांभाळावं. न्हाणीघर लहान. पाणी टाकीतलं, म्हणून शॉवर आटोपशीर. संडासात हँडस्प्रे आम्ही बसवून घेतला आहे. या प्रश्नाचं उत्तर द्यायची आम्हालाही सवय झाली आहे. जनरेटर रात्री बंद असतो, दिवे आणि मोबाइल बॅटरीवर चालतात, पण हेअर ड्रायर आणि इस्त्री नाही म्हणजे नाही. एसी नाही.

लॉकमध्ये काय होतं

लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरी. दगडी भिंतींचा लांबट हौद, दोन्ही टोकांना दरवाजे. बर्गंडी कालव्यावरचे हे हौद ३९ मीटर लांब आणि ५.२० मीटर रुंद आहेत. १८७९ साली सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी देशातल्या मुख्य कालव्यांसाठी हे माप कायद्याने ठरवून दिलं. म्हणून फ्रान्समधली नेहमीची मालवाहू बार्ज बरोबर साडेअडतीस मीटर लांब आणि ५.०५ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना मिळून वीतभरही जागा उरत नाही. आपली बार्ज लांबीला कमी आहे, पण रुंदीला फारशी नाही. पाच मीटरचं लोखंड कप्तान त्या फटीत भिंतीला न घासता घालतो, ते एकदा सुकाणूघरात उभं राहून पाहाच. तो आधीच वेग मोडतो, नाळ भिंतीच्या रेषेत आणतो आणि मग जवळजवळ काहीच करत नाही. बोट आपल्या वजनाने आत सरकते. हौदातलं पाणी दाबलं जाऊन बाजूंनी मागे पळतं, त्यामुळे शेवटचे दहा मीटर ती अगदीच रेंगाळते.

आत गेल्यावर काठावरच्या लोखंडी खुंट्याला दोर टाकायचा. मागचा दरवाजा बंद होतो. लॉककीपर दांडा फिरवून पुढच्या दरवाज्यातल्या झडपा उचलतो, पाणी बाहेर धावतं आणि दोन-अडीच मीटर उंचीची ओली, शेवाळी भिंत दोन्ही बाजूंनी तुमच्याभोवती वर चढू लागते. पाणी पुढच्या पातळीला आलं की दरवाजा उघडतो आणि उन्हात बाहेर. एका लॉकला पंधरा-वीस मिनिटं. दिवसाला आठ-दहा लॉक धरले तर हिशेब तुम्हीच करा.

प्रवाशांनी हात लावायलाच पाहिजे असं नाही, पण बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून दोर धरल्याशिवाय राहवत नाही. धरणार असाल तर एवढं पाळा. दोर खुंट्यावरून वळसा घालून हातात सैल ठेवायचा आणि बोट खाली जाईल तसा सोडत राहायचा. गाठ मारायची नाही. बोट खाली जाते आणि दोर जात नाही, मग कित्येक टन वजन त्या एका गाठीवर लटकतं. मनगटाला किंवा पंजाला वेढा घालायचा नाही. भिंत आणि बोट यांच्या मध्ये हात, पाय, मोबाइल काहीही घालायचं नाही. बोट जवळ आली तर ढकलायला जाऊ नका, ती ऐकणार नाही. आणि कप्तानाने 'पुढे घ्या' म्हटलं की बोलणं थांबवून पुढे घ्या. वरच्या दरवाज्याखाली पाण्यात बुडालेला दगडी उंबरठा असतो. पाणी उतरताना बोटीची मागची बाजू त्या उंबरठ्यावर टेकली, तर बोट तिरकी होते. लॉकमध्ये खरा धोका असेल तर हा.

या कालव्यावरचे बरेच लॉक आजही हाताने चालतात. लॉककीपर व्हीएनएफ या सरकारी संस्थेचे, आणि उन्हाळ्यात त्यांच्यात कॉलेजातली मुलंमुली असतात. एकच जण गाडी घेऊन आपल्याबरोबर लॉकमागून लॉक पुढे जात राहतो. त्यांना आधी 'बाँजूर' म्हणायचं, मग बाकीचं. दुपारी बारा ते एक त्यांची जेवणाची सुट्टी. त्या तासात राष्ट्राध्यक्ष आले तरी दरवाजा उघडणार नाही, तेव्हा आपणही त्याच वेळेत जेवतो. १ मे रोजी कालवा बंद, रात्री बंद, आणि हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बंद.

दिवस कसा जातो

पहिल्या सकाळी बोगदा. कमान बसकी असल्याने सुकाणूघराचं छप्पर आणि काचा उतरवून ठेवतात, कप्तान उघड्यावर उभा राहून टॉर्चच्या उजेडात बोट नेतो. आत चांगलीच थंडी असते आणि वरून पाणी ठिबकतं, स्वेटर व टोपी हाताशी ठेवा. पलीकडे एस्कोमला पहिला लॉक, आणि थोड्या वेळात टेकडीवर शातोनफचा किल्ला दिसू लागतो. वांदनेसला मुक्काम करून संध्याकाळी तिथे चढून जाता येतं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यापुढे उश नदीचं खोरं दिजाँपर्यंत सोबत करतं.

बोटीवर बसून कंटाळा आला तर एका लॉकला उतरा, पूर्वी घोडे ज्या वाटेने बोटी ओढत त्या काठच्या वाटेने चाला आणि पुढच्या लॉकला परत चढा. सायकली बोटीवर आहेत. चालणारा माणूस बोटीच्या आधी पोचतो, त्यामुळे चुकामूक होत नाही. दोन लॉकांच्या मध्ये काठावर उडी मात्र मारायची नाही. फ्रेंच येत नाही म्हणून अडत नाही, पण खोऱ्यात मोबाइलची रेंज जाते-येते. ज्यांची ऑफिसं सुटत नाहीत त्यांनी याचा आधी विचार करावा.

खाणं

बोटीवर स्वयंपाकी आहे. शाकाहारी, मांसाहारी दोन्ही होतं. उपास, जैन जेवण, कांदा-लसूण वर्ज्य असेल तर महिनाभर आधी कळवा; ऐनवेळी एकादशी निघाली तर फळं आणि उकडलेले बटाटे यांवर भागवावं लागेल. वरणभात रोज एकदा असतो. पण चीज, ताजा पाव, बाजारातले टोमॅटो आणि जर्दाळू सोडून रोज पोह्यांचा हट्ट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरून काय आणायचं यात एक अडचण आहे. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांच्या सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या आणि साजूक तुपाची बरणीही नाही. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, तेव्हा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि हापूसची पेटी घरीच. नारळ, केळी, अननस आणि खजूर यांना सूट आहे. मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, तेलातलं लोणचं खुशाल आणा. बरणी घट्ट बांधा.

पाणी कमी पडलं तर

प्रत्येक बोट लॉकमधून उतरते तेव्हा हौदभर पाणी माथ्याकडून खाली जातं. ते पाणी माथ्याजवळच्या पाच जलाशयांतून येतं. पाऊस कमी झाला की व्हीएनएफ आधी बोटींना एकत्र सोडते, मग खोली कमी करते, आणि शेवटी कालव्याचा तो भाग बंद करते. २०२२च्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या कालव्यांचे बरेच भाग असे बंद झाले होते. म्हणून आम्ही मे, जून आणि सप्टेंबरच्या तारखा देतो, ऑगस्टचा आग्रह धरू नका. माथा बंद असेल तर तीच बार्ज सोन नदीवर आणि दिजाँच्या खालच्या टप्प्यावर चालते. सहल रद्द होत नाही, मार्ग बदलतो. तेवढ्या कारणावर पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रं आणि सामान

शेंगेन व्हिसा फ्रान्सकडे मागायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाने पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो, पण तितकं ताणू नका. मोठ्यांची फी ९० युरो, सेवाकेंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुक्कामाचा पत्ता म्हणून बोटीचं नाव आणि रोजच्या थांब्याच्या गावांची यादी असलेलं पत्र आम्ही देतो, सोबत दिजाँच्या हॉटेलची पावती.

मोठी टणक बॅग आणू नका, ठेवायला जागा नाही. घडी होणारी कापडी बॅग हवी. रबरी तळाचे बूट, पावसाळी जाकीट, टोपी. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर तिथे थेट बसतात, तीन पिनांना अ‍ॅडॉप्टर लागतो.

गुडघ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, किंवा आधाराशिवाय उभा जिना उतरता येत नसेल, तर या बोटीवर येऊ नका. जिना न उतरता डेकच्याच पातळीवर खोल्या असलेल्या बोटींची नावं आम्ही सुचवू. पोहता येत नसलं तरी चालतं, पण लॉकमध्ये डेकवर लाइफ जॅकेट घालावं लागेल. पाच वर्षांखालची मुलं घेत नाही.

पूर्ण बार्ज आठ जणांची आहे. दोन कुटुंबांनी मिळून घेतली तर आतली खोलीवाटणी त्यांनीच आधी ठरवून आम्हाला लेखी कळवावी. मागची, मूळ मालकाची खोली सगळ्यांनाच हवी असते, आणि ती एकच आहे.