गोवा पावडरची आग

सोरायसिस म्हणजे त्वचेवर लालसर, खवलेदार चट्टे आणणारा आजार. त्याच्या औषधांच्या इतिहासात आपल्या गोव्याचं नाव आहे, हे इथे फार थोड्यांना ठाऊक असतं. ब्राझीलमधल्या बाहिया भागात अरारोबा नावाचं झाड आहे. त्याच्या खोडातल्या पोकळीत पिवळसर भुकटी साठते. पोर्तुगिजांच्या व्यापारातून ती गोव्यात आली, पुढे मुंबईला पोचली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून नायट्यावर लावली जाऊ लागली. सोरायसिसचे चट्टेही तिने ओसरतात, असं १८७८ मध्ये लंडनच्या बाल्मनो स्क्वायर या डॉक्टरांनी लिहिलं.

चट्टे जायचे, पण भोवतालची निरोगी त्वचा लालबुंद होऊन आग आग व्हायची. कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे, चुकून डोळ्याला हात लागला तर डोळे सुजायचे. १९१६ मध्ये जर्मनीत तिच्याच जातकुळीचं कृत्रिम औषध तयार झालं, डिथ्रानॉल. तेही भाजतंच. हवेतल्या प्राणवायूशी त्याची क्रिया होऊन जे तिखट रेणू तयार होतात, तेच चट्ट्यातल्या पेशींच्या भराभर वाढीला लगाम घालतात आणि शेजारची त्वचाही पोळतात. म्हणून ते बहुधा दहा ते तीस मिनिटं ठेवून धुऊन टाकतात.

मला जास्त काळजी वाटते ती न भाजणाऱ्या मलमांची. तीव्र स्टेरॉइडचं मलम सुरुवातीला थंडावा देतं, म्हणून जांघेत, काखेतही महिनोन्‌महिने चोळलं जातं. तिथली त्वचा मुळात पातळ, त्यात पावसाळ्यातला घाम. औषध जास्त मुरतं. मग त्वचा कागदासारखी होते, जांभळट रेघा उमटतात, आणि त्या रेघा पुसल्या जात नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर कधी अंगभर पुवाच्या बारीक पुळ्या येतात, सोबत ताप. अशा वेळी घरी थांबू नये, थेट इस्पितळ गाठावं.

मेथोट्रेक्सेटचा धोका वेगळा. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली गेली तर तोंड सोलवटतं, चट्ट्यांच्या जागी जखमा होतात, रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेततं. घरात आजी-आजोबा ही गोळी घेत असतील, तर पाकिटावर ठळक अक्षरात वार लिहून ठेवा: ‘फक्त सोमवारी’.