तांदूळ पाणी शोषेल, मीठ कोण काढणार?

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, त्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने वडिलांचा बंद पडलेला मोबाईल माझ्याकडे आणला. चार्जिंगच्या खाचेतून चिमट्याने मी पहिली वस्तू बाहेर काढली, ती उकड्या तांदळाची कणी होती. होडीत साचलेल्या खाऱ्या पाण्यात पडलेला हा मोबाईल घरच्यांनी पुसून दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता आणि नंतर चार्जिंगला लावला होता. हा उपाय आमच्या रत्नागिरीकडे घरोघरी ठाऊक आहे. आयफोन तांदळात ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, अशी सूचना ॲपल कंपनीने २०२४ साली दिली होती. पण माझा आक्षेप कणांपेक्षा मिठाबद्दल अधिक आहे.

ती खाच भिंगाखाली धरली, तेव्हा पाच पिनांपैकी एका टोकाची, म्हणजे पाच व्होल्टची पिन काळी पडून अर्धीअधिक झिजलेली दिसली. दुसऱ्या टोकाची ग्राउंडची, म्हणजे ऋण बाजूची पिन मात्र जवळजवळ नव्यासारखी होती. दोन्ही पिनांना पाणी तेच लागले होते आणि हवाही तीच होती. नुसत्या गंजण्याने असा पंक्तिप्रपंच झाला नसता. तो विजेने केला.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात मात्र सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांच्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या कणांमुळे, दोन पिनांमधला खारा थेंब म्हणजे शाळेत पाहिलेले विद्युत अपघटनाचे पात्रच होते. धन बाजूच्या तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो, आयन होऊन पाण्यात उतरतो आणि ऋण बाजूकडे निघतो. धन बाजू खंगत जाते. ऋण बाजूला पोहोचलेला आयन इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातू होतो, आणि त्यातून जे उगवते ते पाहण्यासारखे असते.

दरवर्षी मी वर्गात जुन्या पीसीबीच्या, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या असलेल्या सर्किट बोर्डच्या, अर्धा मिलिमीटर अंतरावरील दोन पट्ट्यांवर नळाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून त्यांना दोन सेलचे तीन व्होल्ट देतो. काही मिनिटांत ऋण पट्टीच्या कडेवर बारीक काळपट फांद्या फुटतात, त्यांना उपफांद्या फुटतात आणि पावसाळ्यात गडग्यावर उगवणाऱ्या नेच्यासारखी एक धातूची डहाळी समोरच्या पट्टीकडे सरकू लागते. फांदीच्या टोकाशी विद्युत क्षेत्र सर्वाधिक तीव्र असते, त्यामुळे नवे आयन टोकालाच चिकटतात आणि टोक आणखी पुढे जाते. डहाळी पलीकडे टेकली की शॉर्टसर्किट होते. थेंबात मिठाचे काही कण विरघळवले, तर नेचा उगवत नाही. बुडबुडे येतात आणि हिरवट गाळ बसतो. कळकलेल्या तांब्याच्या भांड्याची आठवण करून देणारा हाच रंग नादुरुस्त रिमोटमध्ये दिसतो.

आता थोडे गणित करू. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला म्हणजे ३.६ कूलोम प्रभार गेला. फॅरडेच्या नियमाप्रमाणे, सारा प्रवाह तांबे विरघळवण्यात खर्च झाला असे मानले, तर तेवढ्यात सुमारे १.२ मिलिग्रॅम तांबे जाते. ही नगण्य वाटणारी मात्रा ३५ मायक्रोमीटर जाडीच्या आणि पाव मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर मांडली, तर १५ मिलिमीटर लांबीची पट्टी नाहीशी होते. मोबाईलमधल्या पट्ट्या याहून कितीतरी नाजूक असतात आणि मोबाईल बंद केला तरी बॅटरी आतल्या काही भागांना जोडलेलीच असते.

मोबाईल वाळला की हे थांबेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाणी उडून गेले तरी मीठ जागेवरच राहते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते हे प्रत्येक घराला माहीत आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात असलेल्या मॅग्नेशिअम क्लोराईडला तर सुमारे ३३ टक्केही पुरतात. किनाऱ्यावर पावसाळ्यात ७५ टक्क्यांखालची हवा शोधावी लागेल. साठवणीच्या तांदळात मुळातच १२ ते १४ टक्के ओलावा असतो. तो बंद मोबाईलच्या पोटातले पाणी कसे ओढणार, आणि ओढले तरी मीठ कसे काढणार?

म्हणून खाऱ्या पाण्यात पडलेले यंत्र वाळवण्याआधी धुवावे लागते. चार्जर लावू नये, मोबाईल बंद करावा, आणि शक्य तितक्या लवकर जाणकाराकडून तो उघडून प्रथम बॅटरी सोडवून घ्यावी. दुरुस्तीच्या दुकानांत बहुधा थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश वापरतात. त्याने बोर्ड चकचकीत दिसतो, पण त्या अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळतच नाही. मी आधी स्क्रीन व स्पीकर वेगळे करून बोर्ड इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुतो, आणि अल्कोहोल त्यानंतर, उरलेले पाणी हटवण्यासाठी वापरतो. किनाऱ्यावरच्या घरातील रिमोट आणि इन्व्हर्टरचे बोर्ड बुडाले नसले तरी खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावर मिठाचा तोच थर बसतो. त्यांना धुऊन, पूर्ण वाळवून वर पीसीबीचे पारदर्शक वार्निश मारता येते. न धुता मारले, तर मीठ वार्निशखाली कोंडले जाते, आणि वार्निशमधून वाफ हळूहळू आत झिरपतेच.

त्या मोबाईलचा मुख्य बोर्ड वाचला. चार्जिंगची खाच मात्र बदलावी लागली. काढलेली खाच मी डबीत ठेवली आहे आणि यंदा अकरावीच्या पहिल्या तासाला ती भिंगासह बाकांवरून फिरवणार आहे.